माणसं ऐच्छिक कशी?

केनियाच्या सहलीचं कुठलंही पत्रक उघडा. जुलै ते सप्टेंबर हा मसाई माराचा हंगाम. त्या दिवसांत पुण्या-मुंबईहून, ठाण्या-नाशिकहून गटच्या गट नैरोबीला उतरतात. पत्रकातला माराचा दिवस ठरलेला असतो. पहाटे गेम ड्राइव्ह म्हणजे गाडीतून प्राणी बघणं, मग नाश्ता, दुपारचं जेवण, थोडी विश्रांती, चार वाजता पुन्हा गेम ड्राइव्ह. या सगळ्याच्या मधल्या फटीत बारीक अक्षरांत एक ओळ असते: ‘मसाई गावाला भेट (ऐच्छिक, स्वखर्चाने)’.

या ओळीवर माझा राग आहे. सिंह सहलीच्या किमतीत धरलेला, हत्ती धरलेला, पाणघोडा धरलेला. ज्यांच्या नावानं ते रान जगभर ओळखलं जातं ती माणसं मात्र वाटलं तर बघा, नाहीतर तंबूत झोप काढा. एका अख्ख्या समाजाला जेवण आणि चहा यांच्यामधल्या तासाभरात उरकणं हा अपमान आहे. तो बहुतेक वेळा अज्ञानातून होतो, म्हणून तो टाळताही येतो.

अज्ञान पहिलं: मारातलं गवत आपोआप उगवलं आहे, असं आपण समजतो. ज्या कुरणांवर लाखो विल्डबीस्ट उतरतात, त्यांना माणसाचा हातच लागलेला नाही, असं वाहिन्यांवरचे माहितीपट आपल्याला वर्षानुवर्षं सांगत आले. २०१८ साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात पुरातत्त्वज्ञ फियोना मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. मसाई मारा ज्या नारोक परगण्यात येतं, तिथल्याच प्राचीन गुराख्यांच्या वस्त्यांच्या जागा त्यांनी तपासल्या. त्यांतल्या काही साडेतीन हजार वर्षांहून जुन्या. रात्री जिथे गुरं कोंडली जात, तिथे शेण साचत गेलं. वस्ती उठून गेली, पण त्या मातीत नायट्रोजन, फॉस्फरस, कॅल्शियम भोवतालच्या मातीपेक्षा जास्त राहिलं, आणि ते आजही जास्त आहे. तिथलं गवत सकस, म्हणून रानातली चरणारी जनावरं तिथे जमतात. आपल्याकडे शेतकरी धनगराला धान्य देऊन मेंढरं शेतात बसवून घेतो ते लेंडीखतासाठीच. तोच हिशेब तिथे हजारो वर्षं रानाच्या पातळीवर चालू आहे.

ते जुने गुराखी म्हणजे आजचे मसाई नव्हेत. मसाई या मुलखात फार नंतर, उत्तरेकडून आले. पण गुरं राखण्याची रीत तीच राहिली: दिवसा मोकळ्या रानात चराई, रात्री काटेरी कुंपणात गुरं, काही वर्षांनी वस्ती हलवायची. गाय हेच धन असलेला हा समाज परंपरेनं रानातल्या जनावराच्या मांसावर जगत नाही. म्हणून झेब्रा आणि गाय एकाच माळावर चरताना दिसतात. केनियातले जवळपास दोन तृतीयांश वन्यप्राणी आजही राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीबाहेर, लोकांच्या जमिनीवर वावरतात. आपण ज्याला वन्यजीव सहल म्हणतो, तिच्यात वन्यजीव आणि गाव अशी दोन कलमं नसतात. तो एकच मुलूख आहे. त्याचे दोन तुकडे पत्रक छापणाऱ्यांनी केले.

अज्ञान दुसरं इतिहासाचं. सफारीच्या गाडीत बिबट्या झाडावर कसा चढतो हे सांगतात, मसाई या कोपऱ्यात कसे ढकलले गेले हे सांगत नाहीत. १९०४ साली इंग्रजांनी मसाई पुढाऱ्यांशी करार केला. रिफ्ट खोऱ्यातली उत्तम कुरणं गोऱ्या शेतमालकांना मोकळी करून द्यायची आणि मसाईंनी उत्तरेला लायकिपिया आणि दक्षिणेला एक असे दोन राखीव मुलूख घ्यायचे. मसाई जमात असेपर्यंत हे मुलूख त्यांचेच, असं वचन त्यात होतं. ते सात वर्षं टिकलं. १९११ साली दुसरा करार करून लायकिपियाही काढून घेतलं आणि माणसं-गुरं दक्षिणेकडे हाकलली. मसाई न्यायालयात गेले. १९१३ साली निकाल लागला, तो असा: हा करार परक्या सत्तेशी झालेला आहे, त्यामुळे इथलं न्यायालय त्यात लक्ष घालू शकत नाही. आपल्याच भूमीवर मसाई कागदोपत्री परके ठरले आणि खटला फेटाळला गेला.

सीमेपलीकडे टांझानियात सेरेंगेटीचं उद्यान झालं आणि १९५९ साली तिथल्या मसाईंना गोरोंगोरोच्या बाजूला हलवण्यात आलं. तिथे राहता येईल, गुरं चारता येतील, असा तेव्हाचा शब्द होता. आता त्याच गोरोंगोरोतून त्यांना शेकडो किलोमीटर दूर पाठवणं चालू आहे. २०२२ च्या जूनमध्ये शेजारच्या लोलिओंडोत सुमारे १५०० चौरस किलोमीटर जमिनीची हद्द आखायला पोलीस आले, तेव्हा संघर्ष झाला आणि कित्येक मसाई जखमी अवस्थेत सीमा ओलांडून केनियात पळाले. ही आपल्या फोटोंच्या चौकटीबाहेरची, पण आपल्याच काळातली घटना आहे. सेरेंगेटीला जाणाऱ्या प्रत्येक मराठी प्रवाशानं ती माहीत करून घेतलीच पाहिजे.

आता तो गावातला एक तास बघू.

गाडी काटेरी कुंपणाबाहेर थांबते. शुका ही लाल चादर पांघरलेला, नीटस इंग्रजी बोलणारा मुखियाचा मुलगा पुढे येतो. पैसे जमा होतात. मग पुरुषांच्या उंच उड्या, बायकांचं स्वागताचं गाणं, दोन काटक्या घासून विस्तव, एका घरात डोकावणं आणि शेवटी मण्यांचा बाजार. क्रम बहुतेक गावांत हाच. मी गेलो तेव्हा सगळा गट उड्यांभोवती मोबाईल उंचावून उभा होता, आणि पलीकडच्या घराशी एक बाई कोपरापर्यंत शेणानं माखलेल्या हातांनी छताची चीर लिंपत होती. तळव्यानं दाबायचं, मग बोटांच्या मागच्या बाजूनं सारवून घ्यायचं, पुन्हा ओला गोळा. पाऊस आला तर ती चीर आधी तिच्या पोरांच्या अंगावर गळणार होती. मसाईंमध्ये घर बाई बांधते: काटक्यांचा सांगाडा, त्यात पाला आणि गवत, वरून माती-शेणाचा लेप. दार कंबरेइतकं. आत शिरलं की वाट एकदम वळते, त्यामुळे वारा आणि उजेड दोन्ही बाहेर राहतात. डोळे सरावले की एका अंगाला वासरांचा कोंडवाडा दिसतो, मधे चूल, भिंतीत हाताएवढं भोक, माचावर गाईचं कातडं. त्या भागातली सगळ्यात मोठी कारागिरी तिथे उभी होती आणि ती करणारी बाई समोर होती. तिच्याकडे कुणी वळलं नाही, कारण वाटाड्यानं वळवलं नाही. वाटाड्याला ठाऊक होतं की गटाला उड्या हव्यात.

पैशांचं बोलू. गावभेटीचे माणशी साधारण वीस-तीस डॉलर घेतात. ते सगळे गावात राहतात, असं समजू नका. बऱ्याच ठिकाणी गाडी आणणाऱ्या चालकाला त्यातला मोठा वाटा द्यावा लागतो. वाटा दिला नाही तर गाडी पुढच्या गावाकडे वळते. चालकाचा पगार तुटपुंजा, तो बक्षिशीवर जगतो, म्हणून त्याच्यावर एकट्यावर खापर फोडणं अन्यायाचं आहे. खरी जबाबदारी सहल विकणाऱ्याची आहे. गावाचे पैसे पत्रकातच धरले आणि थेट गावाच्या खात्यावर पोचवले, तर हा सगळा व्यवहार उघड्यावर येईल. केनियात हे अवघड मुळीच नाही. मोबाईलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा ही सोय तिथे २००७ पासून आहे, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधीपासून. गुराख्याच्या हातात काठीबरोबर फोन असतो.

आणि घासाघीस. मसाई मारा राखीव क्षेत्राचं परदेशी पर्यटकाचं शुल्क २०२४ पासून हंगामात दिवसाला माणशी २०० डॉलर आहे. सिंहासाठी हे पैसे मोजताना कुणी ‘काहीतरी कमी करा’ म्हणत नाही. मण्यांच्या एका बांगडीसाठी मात्र आपली माणसं पाच-पाच मिनिटं अडून बसतात, आणि शंभरभर शिलिंग सुटले की गाडीत येऊन विजयानं सांगतात. त्या भागात जमिनीच्या कागदावर बहुतेक पुरुषांची नावं आहेत. बाईच्या स्वतःच्या हातात येणारा पैसा कुठला, तर मण्यांचा आणि दुधाचा. ती बांगडी ओवायला बसलेल्या बाईशी किमतीवरून हुज्जत घालणारा प्रवासी जगातल्या सगळ्यात महागड्या सहलींपैकी एका सहलीवर आलेला असतो. ही कंजुषी आहे, दुसरं काही नाही, आणि तिला ‘बार्गेनिंगची मजा’ म्हणणं बंद झालं पाहिजे.

पोरांचंही तेच. गाडीतून चॉकलेटं आणि पेनं उधळू नका. गाडी आली की हात पसरायचा, हे मूल आपल्याकडून शिकतं. शाळेच्या वेळेत पाच वर्षांचं पोर पर्यटकांपुढे गाणं म्हणत असेल, तर ‘शाळा केव्हा भरते?’ हा प्रश्न विचारा. वह्या द्यायच्या असतील तर शिक्षकाच्या हाती द्या. आणि फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आपल्या सोसायटीत परका माणूस शिरून आपल्या नातवाच्या चेहऱ्यासमोर कॅमेरा धरेल, तर आपण पोलिसांना फोन करू. तो हक्क तिथल्या आजीलाही आहे.

या भेटींबद्दल आणखी एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘हे सगळं खोटं हो, यांच्याकडे मोबाईल आहेत.’ याला उत्तर द्यायलाच हवं.

रिफ्ट खोऱ्यात एका गोऱ्या कुटुंबाची मेयर्स रँच होती. १९६८ च्या सुमारापासून तिथे पर्यटकांना मसाई नाच दाखवत. एडवर्ड ब्रूनर आणि बार्बरा किर्शेनब्लाट-गिम्ब्लेट या अभ्यासकांनी त्यावर लिहिलेलं आहे. तिथे नाचणाऱ्यांना घड्याळ, टी-शर्ट घालायला मनाई होती. रेडिओ, प्लास्टिक, डबे पर्यटकांच्या नजरेआड ठेवावे लागत. नाच झाला की पर्यटक हिरवळीवर चहा पीत. मसाईंना गोठवून, इंग्रजी अमलातल्या चित्रासारखं मांडून ठेवलं होतं. पुढे केनियाच्या सरकारनं तो कार्यक्रम बंद करायला लावला, आणि ते योग्यच झालं. आज मोबाईल बघून ज्यांचा हिरमोड होतो त्यांना, नकळत का होईना, तेच मेयर्सचं हिरवळीवरचं चित्र हवं असतं. सत्यनारायणाच्या पूजेला बसलेल्या माणसाच्या खिशात फोन असतो, म्हणून पूजा खोटी ठरत नाही.

त्या उड्यांचंही असंच. मसाई तरुण योद्धेपणातून प्रौढपणात जातो, तेव्हाच्या युनोटो या सोहळ्याशी त्या जोडलेल्या आहेत. २०१८ साली युनेस्कोनं मसाई पुरुषांच्या तीन संस्कारविधींची नोंद तातडीनं जपण्याच्या वारशाच्या यादीत केली. त्यातला एक युनोटो. म्हणजे जे आपण दुपारच्या वीस मिनिटांत बघतो, त्याचं मूळ जपायला कुरणं लागतात, गुरं लागतात, एकाच वयोगटाच्या तरुणांनी महिनोन्महिने एकत्र राहण्याची सवड लागते. कुरण गेलं की सोहळा जातो आणि मागे फक्त कार्यक्रम उरतो. पर्यटकांसमोर नाचणं ही लाजेची गोष्ट नाही, ते त्यांचं काम आहे. मात्र त्या कामाचे अटी-नियम त्यांनी ठरवावेत.

गावात खरोखर दाखवण्याजोगं काय आहे? सिंहाशेजारी राहणं. सिंह आपल्यासाठी फोटो आहे. त्या काटेरी कुंपणातल्या माणसासाठी तो रात्री गाय नेणारा शेजारी आहे. नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेवर राहणाऱ्या रिचर्ड टुरेरे या मसाई मुलानं त्यावर उपाय काढला. हलता उजेड दिसला की सिंह पुढे येत नाही, हे त्यानं टॉर्च घेऊन रात्री गोठ्याभोवती फिरताना हेरलं. मग जुनी बॅटरी, सौरपट्टी आणि मोटारसायकलच्या इंडिकेटरचा भाग जोडून आळीपाळीनं लुकलुकणारे दिवे कुंपणावर लावले. सिंह यायचे थांबले. हे दिवे पुढे केनियात अनेक ठिकाणी लागले आणि २०१३ साली त्यानं टेडच्या व्यासपीठावरून ही गोष्ट जगाला सांगितली. अंबोसेलीच्या भागात २०१२ पासून मसाई ऑलिम्पिक भरतं. सिंह मारून पराक्रम सिद्ध करण्याऐवजी भालाफेक, धावणं, उंच उडी, दंडुका फेकणं यांत तरुण झुंजतात. तीच उंच उडी! पर्यटकांपुढचा नाच बघताना हे कुणी सांगितलं असतं तर तो तास किती वेगळा झाला असता.

आणि हे सांगणारी, चांगलं करून दाखवणारी ठिकाणं आहेत. मारा राखीव क्षेत्राला लागून मसाई जमीनमालकांनी एकत्र येऊन संवर्धन क्षेत्रं उभी केली आहेत. ओलारे ओरोक हे २००६ मधलं, मग मारा नॉर्थ, नाबोइशो अशी साखळी झाली. पद्धत साधी आहे. मालक आपली जमीन वन्यजीवांसाठी मोकळी ठेवतो, कुंपण घालत नाही, विकत नाही. तंबू-निवासवाले त्याला एकरावर भाडं देतात. गिऱ्हाईक किती आलं यावर ते ठरत नाही, नेमानं थेट मालकाच्या खात्यात जातं. तंबूंची संख्या मर्यादित, म्हणून एका बिबट्यामागे वीस गाड्या लागत नाहीत. त्यातही प्रश्न आहेत: भाडं ज्याच्या नावावर जमीन त्याला, म्हणजे बहुतेक पुरुषाला मिळतं, आणि चराईवर बंधनं येतात, ती कुठे कधी किती, यावर वाद होतात. पण गावाला तिथे मालक म्हणून स्थान आहे, दर्शनीय वस्तू म्हणून नव्हे. सहल महाग पडते. पडू द्या. दोन दिवस कमी राहा.

हे सगळं आफ्रिकेचं झालं म्हणून हात झटकू नका. ताडोबाचं नावच तारू या गोंड पुरुषाच्या नावावरून आलं. वाघाशी लढताना तो मेला, असं सांगतात. त्याचं ठाणं तलावाकाठी आहे आणि पौषात आदिवासी तिथे दर्शनाला येतात. त्याच ताडोबातून नवेगाव, जामणी ही गावं बाहेर आली. मेळघाटातून कोरकूंची गावं बाहेर आली. काहींनी स्वतःहून हो म्हटलं, काहींचं भलं झालं, काही अजून कागदपत्रं घेऊन फिरत आहेत. आपण तिथे जिप्सीच्या खेपा मोजतो, संध्याकाळी रिसॉर्टच्या हिरवळीवर ‘आदिवासी नृत्य’ बघतो आणि जेवायला वळतो. नाचणारे कुठल्या गावचे, त्यांना किती मिळतात, त्यांच्या गावाचा वनहक्काचा दावा मंजूर झाला का, हे विचारणारा पाहुणा विरळा.

म्हणून पैसे भरण्याआधी सहल विकणाऱ्याला चार प्रश्न विचारा. गावभेटीचे पैसे कुणाच्या खात्यात जातात आणि चालकाला त्यातलं काही द्यावं लागतं का? गावात बोलणारी व्यक्ती गावानं निवडलेली आहे का, आणि बायकांशी बोलायला मिळेल का? राहण्याची जागा मसाईंच्या भाड्याच्या जमिनीवर आहे का? गावासाठी अख्खी सकाळ द्याल का, म्हणजे गुरं चरायला निघतात ती वेळ, जिथे खरा दिवस दिसतो?

मराठी प्रवासी आता मोठं गिऱ्हाईक आहे. केनियात त्याच्यासाठी जैन जेवण मिळतं, फोडणीची खिचडी मिळते, मराठी बोलणारा सहल-व्यवस्थापक मिळतो. या सगळ्या गोष्टी आपण मागितल्या म्हणून मिळाल्या. गावाचा मानही मागितल्यावरच मिळेल. शंभर कुटुंबांनी एका हंगामात हे चार प्रश्न विचारले, तर पुढच्या हंगामाचं पत्रक बदलेल, कारण पत्रकं गिऱ्हाइकाच्या प्रश्नांवरच लिहिली जातात. आणि उत्तर देता न येणाऱ्याकडे पैसे भरू नका. सिंह दाखवणारे पुष्कळ आहेत, माणसांशी नीट वागणाऱ्याला निवडा.